न्यायासनावरची टोळी

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्येकडील लुझर्न जिल्हा हा अमेरिकेतील दगडी कोळशाचा जुना मुलूख. १८९७ साली लॅटिमर येथे निःशस्त्र संपकरी खाणकामगारांवर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, १९ माणसे मारली गेली आणि शेरीफ साथीदारांसह निर्दोष सुटला, तो याच जिल्ह्यात. १९५९ च्या जानेवारीत पिटस्टनजवळ नॉक्स कंपनीच्या खाणीत सस्क्वेहॅना नदी घुसली आणि १२ कामगार कायमचे आत राहिले. पुढे उघड झाले की कामगार संघटनेचा जिल्हाध्यक्षच त्या कंपनीत छुपा भागीदार होता. रक्षणासाठी नेमलेला माणूस मालकाच्या पंगतीला बसलेला आढळणे ही लुझर्नला नवी गोष्ट नव्हती. अर्धशतकानंतर, २००९ साली, त्याच पिटस्टनच्या परिसरातील एका इमारतीवरून तोच प्रकार पुन्हा उजेडात आला. या वेळी बळी गेली होती ती मुले.

ती इमारत म्हणजे ‘पीए चाइल्ड केअर’ नावाचे खासगी बालबंदीगृह. मायकेल कॉनाहन हे जिल्हा न्यायालयाचे अध्यक्ष न्यायाधीश आणि मार्क शिव्हारेला हे बालगुन्हेगारी खटल्यांचे न्यायाधीश. २००२ च्या अखेरीस कॉनाहन यांनी आपल्या अधिकारात जिल्ह्याच्या सरकारी बालबंदीगृहाचा निधी तोडला. सरकारी जागा मोडकळीस आली आहे, मुलांच्या आरोग्यास ती घातक आहे, असे कारण पुढे करण्यात आले. मुलांच्या कल्याणाच्या नावाने सरकारी संस्था बंद पडली आणि थोड्याच दिवसांत खासगी संस्थेची दारे उघडली. पुढे २००४ मध्ये जिल्ह्याने तिच्याशी २० वर्षांचा, ५ कोटी ८० लाख डॉलरचा भाडेकरार केला. इमारत बांधणारे व्यावसायिक रॉबर्ट मेरिकल आणि संस्थेचे एक मालक, व्यवसायाने वकील असलेले रॉबर्ट पॉवेल यांच्याकडून दोघा न्यायाधीशांकडे मिळून २८ लाख डॉलर गेले, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. त्यातील पहिला हप्ता होता ९ लाख ९७ हजार ६०० डॉलरचा. न्यायाधीश त्याला दलाली म्हणत. काही रोकड कुरियरच्या खोक्यांत भरून पोहोचवली गेली.

शिव्हारेला यांच्या न्यायालयात काय चालत होते? २००२ ते २००६ या काळात त्यांच्यासमोर आलेल्या मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा घराबाहेर, बंदीगृहात पाठवला गेला. साऱ्या राज्याचे प्रमाण दहात एक होते. शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारे पान संगणकावर लिहिले म्हणून एका मुलीची तीन महिन्यांसाठी रवानगी झाली. अनेक सुनावण्या दोन-तीन मिनिटांत आटोपत. निम्म्याहून अधिक मुले वकिलाविना उभी राहत, कारण न्यायालयाच्या दाराशीच त्यांच्या हाती वकील नको असल्याचा कागद दिला जाई. मुलालाही वकिलाचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट खटल्यात १९६७ सालीच ठरवून दिले होते. लुझर्नमध्ये तो हक्क एका सहीने विरघळला. आणि मुलाला बंद केल्यावर त्याच्या तिथल्या खाण्यापिण्याचा खर्चही आईबापांच्या माथी मारला जाई!

या साऱ्याचे साक्षीदार थोडेथोडके नव्हते. त्या खोलीत सरकारी वकील बसत होते, बचावासाठी नेमलेले सरकारी पगारी वकील बसत होते, परिवीक्षा अधिकारी बसत होते. शाळांचे मुख्याध्यापक तर मुले पाठवून मोकळे होत. कोलंबाइनच्या १९९९ च्या गोळीबारानंतर ‘शिस्तीला तडजोड नाही’ हा मंत्र सर्वत्र जपला जात होता आणि कडक न्यायाधीश म्हणून शिव्हारेला यांचे शाळांतून स्वागत होई. बालन्यायालयाचे कामकाज बंद दाराआड चालते ते मुलांची अब्रू राखण्यासाठी. लुझर्नमध्ये त्या बंद दाराने न्यायाधीशाची अब्रू राखली.

आता यातली जी गोष्ट सर्वाधिक बोचणारी, ती तारखांनिशी पाहावी. फिलाडेल्फियाच्या ‘जुव्हेनाइल लॉ सेंटर’ या संस्थेने एप्रिल २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला: लुझर्नमध्ये मुलांना वकील मिळत नाही, लक्ष घाला. अर्जात पैशाचा उल्लेख नव्हता, फक्त मुलांच्या हक्कांचा होता. ८ जानेवारी २००९ रोजी कारण न देता तो फेटाळण्यात आला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला केंद्र सरकारच्या वकिलांनी दोघा न्यायाधीशांवर पैसे घेतल्याचे आरोप जाहीर केले, तेव्हा त्याच न्यायालयाला फेटाळलेला अर्ज पुन्हा उघडावासा वाटला. ऑक्टोबरात त्याने २००३ ते मे २००८ या काळातील शिव्हारेला यांचे निकाल रद्द केले. दोन हजारांहून अधिक मुलांचे ते निकाल होते. मूल ओरडले तेव्हा ऐकू गेले नाही; डॉलर खणखणले तेव्हा ऐकू गेले.

आणि ज्या कायद्याने ते डॉलर पकडले, तो होता टोळ्यांविरुद्धचा कायदा. १९७० च्या ऑक्टोबरात निक्सन यांच्या सहीने अमलात आलेला हा ‘रिको’ कायदा माफियांसाठी लिहिला गेला. स्वतः गुन्हा न करता हुकूम सोडणारा आणि हिस्सा घेणारा टोळीप्रमुख जुन्या फौजदारी कायद्याच्या कचाट्यात सापडत नसे. म्हणून या कायद्याने एकेक गुन्हा सुटा न पाहता, एखाद्या ‘उपक्रमा’च्या कारभारात दहा वर्षांत ठरावीक प्रकारचे किमान दोन गुन्हे साखळीने घडले असतील तर तो कारभारच गुन्हा ठरवला. वीस वर्षांपर्यंत कैद, शिवाय कमाईची जप्ती. गंमत अशी, की माफियाचा एक नामांकित म्होरक्या रसेल बुफालिनो हा याच लुझर्न जिल्ह्यातील किंग्स्टनचा रहिवासी. कायदा त्याच्यासारख्यांच्या मागे लागण्यासाठी जन्मला, आणि त्याच्या गावापासून काही मैलांवर न्यायासनावर बसलेल्यांना येऊन भिडला.

यात वेगळे असे काय आहे? लाचलुचपतीचा साधा कायदा असे म्हणतो की कार्यालय पवित्र आहे, त्यातील एका माणसाने त्याच्याशी द्रोह केला. रिको असे म्हणू शकतो की कार्यालयच टोळीचे हत्यार बनले होते. हा ‘उपक्रम’ जुगाराचा अड्डाच असला पाहिजे असे नाही. तो सरकारी खाते असू शकतो, न्यायालयही असू शकते. शिकागोतील ‘ग्रेलॉर्ड’ प्रकरणात १९८० च्या दशकात डझनाहून अधिक न्यायाधीश दोषी ठरले, तेव्हा कुक जिल्ह्याचे न्यायालय हाच ‘उपक्रम’ मानला गेला होता. लुझर्नमध्येही तेच झाले. सभ्य समाजाला हा विचार पचत नाही. तो लगेच आढीतल्या दोन नासक्या आंब्यांचा दाखला देतो. परंतु दोन आंबे सहा वर्षे नासत असताना आढी राखणाऱ्यांच्या नाकाला वास आला नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा? जी यंत्रणा मुलाला पकडते, न्याय देते, कोंडते आणि कोंडण्याचे पैसे चुकते करते, तिच्या प्रत्येक सांध्यावर कोणाचा तरी फायदा किंवा कोणाची तरी सोय बसलेली असते. ती यंत्रणा टोळीसारखी वागत असेल तर तिला टोळी म्हणण्याचे धैर्य कायद्याच्या अंगी असले पाहिजे. म्हणून बालसंरक्षणाच्या भ्रष्टाचाराविरुद्ध हा कायदा वापरावा ही मागणी योग्य आहे, आणि समाजवाद्यांनी तिला पाठिंबा दिला पाहिजे.

मात्र तो डोळे मिटून देता येणार नाही. लुझर्नच्या खटल्याचे पुढे काय झाले हे पाहिल्यावर तर नाहीच. दोघा न्यायाधीशांनी प्रथम ८७ महिन्यांच्या कैदेवर सौदा केला होता. पश्चात्तापाचा लवलेश नाही, म्हणून न्यायाधीश कोसिक यांनी जुलै २००९ मध्ये तो नाकारला, आणि मग सप्टेंबरात ४८ कलमांचे, टोळीबाजीच्या आरोपासह आरोपपत्र आले. कॉनाहन यांनी टोळीबाजीच्या कटाचा गुन्हा कबूल केला. त्यांना साडेसतरा वर्षे झाली. शिव्हारेला लढले. फेब्रुवारी २०११ मध्ये ज्यूरीने त्यांना ३९ पैकी १२ आरोपांवर दोषी धरले, २७ आरोपांतून सोडले, आणि ऑगस्टमध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. तो पहिला हप्ता सिद्ध झाला. पॉवेलकडून आलेल्या रकमांबाबत ज्यूरीची खात्री पटली नाही. मुलांना पैशासाठी डांबले हे शिव्हारेला यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही, आणि खटल्यात तो प्रश्न ज्यूरीपुढे सरळ ठेवलाच गेला नव्हता. आरोपपत्र होते पैशाचे, ते दडवल्याचे, त्यावरचा कर चुकवल्याचे. २०१८ मध्ये तर टोळीबाजीवरचे दोषनिर्णयही रद्द झाले. गुन्हा घडला नाही म्हणून नव्हे. कायद्याने घातलेल्या मुदतीचा मुद्दा ज्यूरीपुढे नीट मांडला गेला नाही म्हणून. शिक्षा उरली ती इतर कलमांच्या आधारावर.

याच कायद्यातील दिवाणी बाजूही तपासून घ्यावी. टोळीच्या कारवायांनी नुकसान सोसलेल्याला तिप्पट भरपाई मागता येते, म्हणून तिचा फार बोलबाला आहे. पण नुकसान कशाचे? कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत: धंद्याचे किंवा मालमत्तेचे. चौदाव्या वर्षी बेड्या घालून नेलेल्या मुलाची गेलेली शाळा, उडालेली झोप, आईशी तुटलेले बोलणे, यांतले काहीच धंदा नाही आणि मालमत्ता नाही. दुकानदाराकडून खंडणी उकळली तर तिप्पट; मुलाचे बालपण उकळले तर त्या कलमाखाली शून्य! भांडवलशाही समाज कोणत्या गोष्टीला नुकसान मानतो, याची याहून बोलकी व्याख्या शोधून सापडणार नाही.

मुलांना भरपाई मिळाली ती प्रामुख्याने दुसऱ्या वाटांनी. मेरिकल यांनी तडजोडीत १ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीश कॉनर यांनी सुमारे ३०० पीडितांच्या बाजूने दोघा माजी न्यायाधीशांवर २० कोटी ६० लाख डॉलरचा हुकूमनामा केला. शिक्षा भोगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडून ही रक्कम वसूल होईल असे तेव्हाही कोणी मानले नव्हते. कॉनाहन तर २०२० मध्येच साथीच्या कारणाने घरी परतले होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी त्यांची उरलेली शिक्षाही माफ केली. मेरिकल यांना एक वर्ष कैद झाली, पॉवेल यांना दीड वर्ष. विकणाऱ्यांना साडेसतरा आणि अठ्ठावीस, विकत घेणाऱ्यांना एक आणि दीड! खाटांमागे पैसे मोजण्याची पद्धत तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलीच नाही.

अमेरिकेत ज्यांची मुले बालसंरक्षण खात्याने काढून नेली, असे अनेक पालक आज याच कायद्याचा धावा करतात. त्यांच्या संतापामागे एक खरी गोष्ट आहे. १९९७ च्या दत्तक आणि सुरक्षित कुटुंब कायद्याने, ठरावीक पातळीपेक्षा जितकी अधिक मुले पालकगृहांतून दत्तक जातील, त्या प्रत्येकामागे राज्याला ४ हजार डॉलरचे बक्षीस ठेवले. खास गरजा असलेल्या मुलासाठी त्यावर आणखी २ हजार. शिवाय मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने खात्याच्या ताब्यात असेल, तर आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज करणे, काही अपवाद वगळता, राज्यावर बंधनकारक झाले. मूल खितपत पडू नये हा हेतू चांगला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरभाडे थकल्यामुळे, नोकरी गेल्यामुळे वा दारूतून सावरायला वेळ लागल्यामुळे जे कुटुंब पंधरा महिन्यांत उभे राहू शकत नाही, ते सहसा श्रीमंताचे नसते. येथे खोक्यातून कोणी पैसे पोहोचवत नाही. पैसे कायद्यानेच येतात, पावतीसह येतात. जे राजरोस आहे त्यावर टोळीचा कायदा कोणते कलम लावणार?

याच ठिकाणी उजव्यांची एक चाल ओळखून राहावे लागते. खाते भ्रष्ट आहे, तर खातेच बुडवा, कर वाचतील, कुटुंबाचे कुटुंब पाहून घेईल, असा त्यांचा सूर असतो. चाळीस-पन्नास घरांचा भार एकटीने वाहणारी, पगार बेताचा आणि दोष मात्र पहिला, अशी क्षेत्रातली समाजसेविका ही या लढ्यातली शत्रू नव्हे. तिने मूल उचलले नाही म्हणून ते मेले तर तीच दोषी, उचलले तरी तीच दोषी. लुझर्नमध्येही आधी सरकारी संस्था बुडवली गेली आणि मगच टोळीचा धंदा सुरू झाला, हा क्रम विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही, कारण रिकोच्याच कुळातला कायदा येथे १९९९ पासून आहे. मोक्काचे नाव ऐकले की पुरोगामी कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी पडते, आणि ती योग्यच आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालवणारे कलम १८ आणि जामिनाचे दार जवळजवळ बंद करणारे कलम २१ यांनी काय केले, हे मालेगावच्या लोकांना विचारावे. २००६ च्या स्फोटांत याच कायद्याखाली डांबलेल्या नऊ मुसलमान तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ साली. अमेरिकेतही वेगळे घडलेले नाही. जॉर्जिया राज्याने स्वतःचा रिको कायदा वापरला तो अटलांटातील शिक्षकांवर. परीक्षेतील गुणांच्या दडपणाखाली उत्तरपत्रिका दुरुस्त केल्याबद्दल २०१५ मध्ये अकरा जण टोळीबाज ठरले. २०२३ मध्ये त्याच राज्याने पोलीस प्रशिक्षण केंद्राला विरोध करणाऱ्या ६१ जणांवर तोच आरोप ठेवला. आवश्यक ती परवानगी घेतलेली नाही, या मुद्द्यावर २०२५ मध्ये न्यायाधीशाने तो फेटाळला, तोवर दोन वर्षे आंदोलन न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते. म्हणूनच काही साथी म्हणतात, असल्या कायद्याला हातच लावू नका.

त्यांच्या भीतीत तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. दोन कायद्यांतला एक फरक त्यांनी पाहिलेला नाही. रिको गुन्ह्यांची कृत्ये मोजतो. आधी खटला झाला होता की नाही हे विचारत नाही. मोक्का आरोपपत्रे मोजतो: दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झाली आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतली, तरच पुढची कारवाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ नेही हाच साचा उचलला. याचा अर्थ उघड आहे. ज्याचे नाव पोलीस ठाण्याच्या दप्तरात आधीच आहे, म्हणजे बहुधा झोपडपट्टीतला पोरगा, तो जाळ्यात सापडतो. ज्या विश्वस्तांच्या संस्थेला दरवर्षी अनुदान मिळते, ज्यांच्या भिंतीवर मंत्र्यांबरोबरची छायाचित्रे आहेत, त्यांच्यावर पूर्वी एकही आरोपपत्र नसते. अनुदान वाटणाऱ्या अधिकाऱ्यावर तर नसतेच नसते. त्यांच्यासाठी हा कायदा जन्मलेलाच नाही.

मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचे उदाहरण ताजे असायला हवे. सरकारी पैशावर चालणाऱ्या त्या घरातील मुलींवरचे अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले ते पोलिसांच्या कर्तबगारीने नव्हे, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहारमधील निवारागृहांची जी सामाजिक तपासणी केली, तिच्या अहवालाने. मुलींशी कोणी तरी शांतपणे बसून बोलले, एवढेच घडले होते. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले, चालक ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप दिली, आणि ते योग्यच झाले. पण तपासणीला येऊन शेरे मारून जाणारे, अनुदानाचा पुढचा हप्ता मंजूर करणारे, यांच्या टेबलांची साखळी ‘उपक्रम’ म्हणून कोणत्याही आरोपपत्रात उतरली नाही. उतरवणारे कलमच नव्हते.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. रिकोकडून घ्यायचे ते दोनच घटक: सरकारी कार्यालय आणि अनुदानित संस्था यांना मिळून एक ‘उपक्रम’ मानण्याची व्याख्या, आणि जुन्या आरोपपत्रांऐवजी सिद्ध होणाऱ्या कृत्यांची मोजणी. कलम १८ आणि कलम २१ यांना विरोध आहे तसाच राहील; मुलांच्या नावाने पोलिसांच्या हाती कबुलीजबाबाचे शस्त्र देण्यास कोणीही संमती देऊ नये. भरपाईच्या तरतुदीत धंदा आणि मालमत्ता यांच्या आधी मुलाचे शरीर, शिक्षण आणि स्वातंत्र्य यांचा उल्लेख हवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सांगितलेल्या तपासणी समित्यांचे अहवाल, मुलांची नावे वगळून, जिल्ह्यातल्या कोणाही नागरिकाला पाहता आले पाहिजेत. आणि अनुदान मुलांच्या डोक्यांवर मोजणे थांबले पाहिजे, कारण जोवर रिकामी खाट हा तोटा आहे तोवर ती भरण्यासाठी कोणी ना कोणी मूल शोधणारच.

मोक्काचे कलम २४ यासंबंधात प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावे. टोळीचा सदस्य असल्याबद्दल त्या कायद्यात किमान पाच वर्षे आहेत. टोळीला मदत करणाऱ्या किंवा तिच्याकडे जाणूनबुजून कानाडोळा करणाऱ्या सरकारी नोकराला जास्तीत जास्त तीन.